कडप्प्यावरचा लिंबाचा डाग: चुनखडी, डोलोमाइट आणि मार्बल

मागच्या रविवारी घरी मिसळ केली होती, आणि लिंबाची एक पिळलेली फोड ओट्यावर तशीच राहून गेली. ओटा कडप्प्याचा, जुना. संध्याकाळी आईने पुसायला घेतला तर फोड होती बरोबर तिथे फिकट राखाडी गोल, हात फिरवला तर खरखरीत. साबण लावला, घासणी लावली, काही जाईना. म्हणाली डाग पडला. मी म्हटलं अगं आई, तो डाग नाहीये, तेवढा दगडच विरघळलाय.

तिला ते पटेना, आणि तिचा प्रश्न एकदम बरोबर होता. ती म्हणाली शेजारच्या काकूंच्या ओट्यावर रोज लिंबं कापतात, त्यांना काही होत नाही. तर त्यांचा ओटा ग्रॅनाइटचा आहे. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजं असतात, लिंबाचं सायट्रिक ॲसिड त्यांना ढिम्म हलवत नाही. कडप्पा मात्र चुनखडीचा दगड आहे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याला आंबट काहीही लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, कॅल्शियम पाण्यात निघून जातं आणि पॉलिशचा वरचा पापुद्रा खाल्ला जातो. मग ती म्हणाली चुना तर पांढरा असतो, हा काळा कुळकुळीत कसा? काळा रंग चुन्याचा नाहीच, तो आत अडकलेल्या थोड्याशा कार्बनचा आहे. फरशीच्या खालच्या खडबडीत बाजूला लोखंडी खिळ्याने ओरखडा काढून बघा, रेघ फिकट उमटते.

यावर नीट लिहावंसं वाटलं, कारण आपण नाशिककर असं धरून चालतो की आपल्याकडे दगड म्हणजे काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, बाकी काही नाही. आणि जमिनीपुरतं ते खरंच आहे. पांडवलेणी बेसॉल्टमध्ये कोरली, काळाराम मंदिर बेसॉल्टचं, सिन्नरचं गोंदेश्वर पण बेसॉल्टचं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याखाली गेला. पण आपण राहतो ते घर बघा. ओटा कडप्पा, तो आंध्रातून येतो. जुन्या घरातली शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली. जिन्याला, गॅलरीला हिरवट कोटा, तो राजस्थानातला. तिन्ही चुनखडीचे दगड आहेत! देवघर मार्बलचं, तेही त्याच घराण्यातलं, दारातली रांगोळीसुद्धा बऱ्याचदा त्याच घराण्यातली. काळ्या दगडाच्या गावात राहून आपण दिवसभर पाय टेकवतो ते जुन्या समुद्रांच्या तळावर.

समुद्राचा तळ म्हटलं कारण चुनखडी बहुतेक वेळा तिथेच तयार होते. नद्या खडक झिजवून कॅल्शियम वाहून नेतात, आपली गंगासुद्धा, म्हणजे गोदावरी, आत्ता या क्षणाला तेच करतेय, ते समुद्रात विरघळलेलं राहतं, आणि उबदार उथळ पाण्यात शिंपले, प्रवाळ, डोळ्यांना न दिसणारे बारके जीव त्याच्यापासून आपली कवचं बनवतात. जीव मेला की कवच तळाला पडतं, त्याचा चुरा होतो, चिखल होतो, वरून आणखी थर येतात, खालचे दाबले जातात आणि लाखो वर्षांत त्याचा दगड बनतो. थोडाफार चुना जिवांच्या मदतीशिवाय, पाण्यातून आपोआपच साखरेसारखा खाली बसतो. थर थर करत बनल्यामुळेच शहाबादी दगड खाणीत पातळ लाद्यांमध्ये सुटतो, म्हणून त्याची फरशी इतकी सोपी पडते. बेसॉल्टची तशी फरशी निघत नाही, तो घडवावाच लागतो.

कडप्पा आणि शहाबादी यात शिंपले शोधू नका मात्र, मिळणार नाहीत. हे दगड ५४ कोटी वर्षांपेक्षाही जुने आहेत, म्हणजे कवचवाले प्राणी पृथ्वीवर रुळायच्या आधीचे. तेव्हा समुद्रात राज्य होतं सूक्ष्मजीवांचं, त्यांचे शेवाळासारखे चिकट थर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषायचे, त्याने पाण्याचा आंबटपणा कमी व्हायचा आणि चुना खाली बसायचा. शिंपले बघायचेच असतील तर मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बाघला जा. लाव्हा यायच्या आधी, डायनोसॉरच्या काळात, नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राचा एक फाटा आत घुसला होता, त्याची चुनखडी तिथे उघडी आहे आणि तिच्यात शंख-शिंपले, समुद्री अर्चिन असं सगळं सापडतं.

आता चुनखडीचा एक स्वभाव लक्षात ठेवा, मग पुढचं सगळं सोपं जातं: ती आंबट पाण्यात विरघळते आणि पाण्याचा आंबटपणा गेला की परत दगड होते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हलकं आंबट होतं, सोडा वॉटरसारखं पण खूपच सौम्य. असं पाणी चुनखडीच्या भेगांतून हजारो वर्षं झिरपत राहिलं की आत गुहा तयार होतात. आंध्रातल्या बोर्रा आणि बेलमच्या गुहा अशाच झाल्यात. आपली पांडवलेणी माणसाने छिन्नीने कोरली, बेलमच्या गुहा पाण्याने, आणि बेलमची लांबी तीन किलोमीटरच्या वर आहे. मग त्याच पाण्याचा थेंब गुहेच्या छताला लोंबतो, त्यातला वायू हवेत उडून जातो, चुना धरून ठेवायची ताकद संपते आणि कणभर दगड छतालाच चिकटून राहतो. असे लोंबते खांब बनतात.

गुहा बघायला आंध्रात जायला जमलं नाही तरी हेच घरी दिसतं. बोअरचं पाणी असलेल्या बिल्डिंगमध्ये किटलीच्या तळाशी, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो ना, ज्याला आपण क्षार म्हणतो, तो बराचसा कॅल्शियम कार्बोनेटच असतो. पाणी तापवलं, वायू गेला, चुना बसला. व्हिनेगर टाकलं की फसफसून निघतो तेही त्याचमुळे. पण मग प्रश्न येतो की नाशिकच्या जमिनीत चुनखडीचा डोंगर नाही तर बोअरच्या पाण्यात चुना आला कुठून? तर बेसॉल्टमधूनच. बेसॉल्टच्या खनिजांत कॅल्शियम भरपूर असतं, दगड कुजला की ते सुटं होतं. चुन्याचे स्फटिकसुद्धा बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडतात, सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत गारगोटी म्युझियम आहे तिथे झिओलाइट नावाच्या खनिजाच्या जोडीला कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, स्फटिक बघा एकदा, मुलांना घेऊन जा.

हेच सुटं झालेलं कॅल्शियम आपल्या शेतात खेळ करतं. पाऊस कमी, ऊन जास्त असलेल्या भागात पाणी मातीतून वर ओढलं जातं, उडून जातं आणि चुना मागे खड्यांच्या रूपात राहतो. निफाड, दिंडोरीकडे विहीर खणताना किंवा ओढ्याच्या काठाला पांढरट ओबडधोबड खडे दिसतात ते हेच, शेतकरी त्याला चुनखडीच म्हणतात आणि ते बरोबर आहे, फक्त ही समुद्रातली नाही, मातीत घडलेली चुनखडी. माझ्या मामांचा द्राक्षबाग आहे. एका कोपऱ्यातल्या वेली दरवर्षी पिवळ्या पडायच्या, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, खत वाढवून बघितलं, पाणी वाढवून बघितलं, काही उपयोग नाही. शेवटी माती तपासली तर रिपोर्टमध्ये मुक्त चुना जास्त. मातीत चुना जास्त असला की तिचा सामू (पीएच) आठच्या वर जातो आणि लोह असूनही असं घट्ट बसतं की मुळांना घेताच येत नाही. वेल उपाशी, ताट भरलेलं. म्हणून वरून लोहाची फवारणी करतात आणि जमिनीत गंधक टाकतात, मातीतले जिवाणू त्या गंधकाचं हळूहळू ॲसिड करतात आणि ते चुना खातं. म्हणजे बघा, ओट्यावर लिंबाने जे केलं तेच मामांच्या बागेत गंधकाकडून मुद्दाम करून घेतलं जातं.

आणि जुने वाडे! पंचवटीत, जुन्या नाशकात जे वाडे अजून उभे आहेत त्यांच्या भिंतींत सिमेंट नाही, चुना आहे. चुनखडीचे खडे भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू उडतो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकलं की तो खदखदून फुटतो, तो विझवलेला चुना. पानाला लावतो तोही हाच. मग वाळू घालून घाणीत बैल लावून मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर घालायचे. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड होत जातो. म्हणून चुन्याची जुनी भिंत काळाने कमकुवत होण्याऐवजी घट्ट होते, आणि म्हणूनच अशा भिंतीवर घाईघाईने सिमेंटचा गिलावा मारतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. सिमेंट आतली ओल बाहेर जाऊ देत नाही, ती चुन्यातच कोंडते आणि भिंत आतून फुगते.

आता डोलोमाइट. लोकांना हे नाव फारसं माहीत नसतं पण माझ्या मते तिघांमध्ये सगळ्यात भारी गोष्ट याचीच आहे.

दिसायला चुनखडीसारखाच, पण यात कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियम असतं, जवळपास निम्मं निम्मं. देओदा द दोलोम्यू नावाच्या फ्रेंच माणसाने १७९१ साली याचं वर्णन केलं. त्याच्या लक्षात आलं की आल्प्समधला हा दगड चुनखडीसारखा दिसतो पण ॲसिड टाकलं तर तेवढा फसफसत नाही. पुढच्याच वर्षी दगडाला त्याचं नाव मिळालं, आणि नंतर इटलीतल्या त्या अख्ख्या डोंगररांगेलाही. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी आजही तीच टेस्ट करतात. चुनखडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला की लगेच फेस, डोलोमाइटच्या अखंड दगडावर जेमतेम काहीतरी, पण त्याच जागी सुरीने खरवडून थोडी पूड केली आणि परत थेंब टाकला की बुडबुडे येतात. बाजारात मिळणारी पांढरी रांगोळी बऱ्याचदा डोलोमाइटची किंवा कॅल्साइटची पूड असते, चमचाभर वाटीत घेऊन व्हिनेगर ओता, पटापट फसफसलं तर कॅल्साइट, रेंगाळत एकेक बुडबुडा आला तर डोलोमाइट असायची शक्यता जास्त.

कोडं पुढे आहे. जुन्या खडकांत डोलोमाइटचे डोंगरच्या डोंगर आहेत. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम वजनाने जवळपास तिप्पट आहे, म्हणजे कच्च्या मालाची कमी नाही. पण आजच्या समुद्रात डोलोमाइट जवळपास बनतच नाही, काही खाऱ्या दलदली, खाजणं सोडली तर. आणि प्रयोगशाळेत साध्या तापमानाला तर बनायचं नावच घेईना. लिंटन लँड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तब्बल ३२ वर्षं एक प्रयोग चालू ठेवला, पाण्यात गरजेपेक्षा हजारपट जास्त माल विरघळवून वाट बघितली, आणि १९९८ साली प्रामाणिकपणे छापलं की काही तयार झालं नाही. मला हा माणूस फार आवडतो. नापास झालेला प्रयोग इतक्या वर्षांनी जगासमोर मांडायला मोठं मन लागतं.

उत्तराच्या जवळ आपण आत्ता आत्ता, २०२३ मध्ये पोचलो. अमेरिकेतल्या मिशिगन आणि जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठाच्या लोकांनी मिळून ते दाखवलं. समजायला पंचवटीतल्या हारवाल्या मावशींकडे चला. समजा हार एक झेंडू, एक शेवंती, एक झेंडू, एक शेवंती असाच ओवायचा आहे. डोलोमाइटच्या स्फटिकात कॅल्शियमचा एक थर, मॅग्नेशियमचा एक थर असाच क्रम लागतो. पण पाण्यातून दोन्ही कण येतील तसे येऊन चिकटतात, झेंडूच्या जागी शेवंती, शेवंतीच्या जागी झेंडू. एकदा असा घोळ झाला की पुढे हार ओवताच येत नाही, वाढ तिथेच थांबते. आता मावशी काय करतील? चुकलेली फुलं काढतील आणि परत ओवतील. निसर्गातही तेच होतं. कधी पाऊस पडून पाणी गोडं होतं, कधी भरती येते, कधी पाणी आटतं. पाणी गोडं झालं की थोडा दगड विरघळतो, आणि चुकीच्या जागी बसलेले कण आधी सुटतात कारण त्यांची पकड ढिली असते. परत पाणी खारं झालं की नवा थर जरा बरोबर बसतो. असं हजारो लाखो वेळा झालं की डोलोमाइट तयार. त्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉनच्या झोताने दोन तासांत सुमारे ४,००० वेळा असं थोडं विरघळव, थोडं वाढव केलं आणि डोलोमाइटचे जवळपास ३०० थर वाढवले. त्याआधी प्रयोगशाळेत पाच थरांच्या पुढे कोणी गेलं नव्हतं!

डोंगराएवढा डोलोमाइट बनायचा आणखी एक रस्ता म्हणजे आधी चुनखडी बनली, मग तिच्यातून मॅग्नेशियमवालं पाणी झिरपत राहिलं आणि कॅल्शियमची थोडी जागा मॅग्नेशियमने घेतली. जुने डोलोमाइट बरेचसे असेच बदललेले आहेत. आपल्या राज्यात चुनखडी आणि डोलोमाइट दोन्ही आहे पण ते विदर्भात, चंद्रपूर आणि यवतमाळकडे, जिथे लाव्हाची चादर संपते आणि खालचे जुने खडक उघडे पडतात. चंद्रपूरला सिमेंटचे कारखाने आहेत ते या चुनखडीमुळेच. डोलोमाइट स्टीलच्या भट्ट्यांना लागतो, शेतातही आम्लधर्मी जमिनीला देतात. कुंड्यांसाठी डोलोमाइट पावडर आणायची फॅशन आलीय सध्या, पण निफाडच्या चुनखडीच्या मातीत ती टाकणं म्हणजे मामांच्या वेलींना अजून उपाशी ठेवणं. आधी माती तपासा.

राहिला मार्बल, म्हणजे संगमरवर. मार्बल म्हणजे चुनखडी किंवा डोलोमाइटच, फक्त जमिनीत खोल गेलेला आणि शेकून निघालेला. भूखंड एकमेकांवर आपटतात, डोंगर उभे राहतात, तेव्हा समुद्रतळाचे थर कित्येक किलोमीटर खाली दाबले जातात, तिथे शेकडो अंश तापमान असतं. दगड वितळत नाही, हे नीट लक्षात घ्या, तो घट्टच राहतो पण आतले बारके कण एकमेकांत मिसळून मोठे स्फटिक होतात आणि एकमेकांत गच्च अडकतात. शिंपले, थर, जुन्या खुणा बहुतेक सगळ्या पुसल्या जातात. म्हणून मार्बल फुटला की तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकते, आणि प्रकाश थोडा आत शिरून परत येतो म्हणून मूर्तीला तो मऊ उजळपणा येतो.

इथे हुशार वाचक विचारेल की भट्टीत तापवली तर चुनखडीचा चुना होतो, मग जमिनीत तापली तर मार्बल कसा? फरक आहे झाकणाचा. भट्टीत वायूला उडून जायला वाट असते, जमिनीखाली वरच्या खडकांचा एवढा दाब असतो की वायू सुटूच शकत नाही. एडिंबराच्या सर जेम्स हॉलने १८०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हे करून दाखवलं होतं, चुनखडीची पूड बंदुकीच्या नळीत ठासून, तोंड बंद करून तापवली आणि आत मार्बलसारखा स्फटिकी दगड मिळाला. प्रेशर कुकर आणि उघडं पातेलं, एवढाच हिशोब.

राजस्थानातल्या मकराण्याचा मार्बल ताजमहालाला लागला आणि कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियललाही. जबलपूरला भेडाघाटला नर्मदा ज्या पांढऱ्या कड्यांमधून वाहते ते मार्बलचेच, तेही डोलोमाइटपासून झालेल्या. शुद्ध असला तर मार्बल पांढरा, राखाडी रेघा असतील तर बहुतेक कार्बनच्या, पिवळट-तांबूस असेल तर लोखंडाच्या.

पण दुकानात मार्बल हा शब्द फार सैल वापरतात, पॉलिश घेईल तो मार्बल असा तिथला नियम. राजस्थानातला तो गडद ग्रीन मार्बल खरं तर सर्पेंटाइन नावाच्या वेगळ्याच खनिजाचा खडक आहे, चुनखडीच्या घराण्यातला नाहीच. इटालियन म्हणून महागात विकला जाणारा बोत्तिचीनो भूगर्भशास्त्राच्या भाषेत चुनखडी आहे, जमिनीत कधी शेकलेला नाही. त्यात फसवणूक आहे असं नाही, पण आपल्याला माहीत असावं. आमच्या एका नातेवाइकांनी नवीन देवघर केलं, दुकानदाराने सांगितलं कशानेही पुसा काही होत नाही, आणि घरी तांब्याचे गडवे, निरांजनं चिंच लावून तिथेच घासली. दोन महिन्यांत जागोजागी पांढरे भुरभुरीत ठिपके. दुकानदाराने एक वाक्य खरं सांगितलं असतं तर ते वाचलं असतं.

तेव्हा फरशी घ्यायला जाताना तुकडा मागून घ्या, घरी उलट्या बाजूला लोखंडी खिळ्याने ओढा. सहज ओरखडा पडला तर चुनखडी-डोलोमाइट-मार्बल यांपैकी काहीतरी, खिळाच झिजून रेघ सोडून गेला तर ग्रॅनाइटसारखा कडक दगड. मग पॉलिशवाल्या कोपऱ्यावर लिंबाचा थेंब टाका, पंधरा मिनिटं थांबा, पुसून उजेडात तिरकं धरून बघा. जागा निस्तेज झाली तर हा दगड स्वयंपाकघरात आंबटापासून जपावा लागणार. बाथरूमचं ॲसिड यासाठी वापरू नका, त्याची वाफ वाईट, आणि मार्बलच्या बाथरूममध्ये तर ते आणूच नका.

आमचा ओटा मी बारीक पॉलिश पेपर पाणी लावून घासला, आधी जाड मग बारीक, वरून थोडं तेल. गोल अजून तिरक्या उजेडात दिसतो. आईने आता तिथे लिंबाची टोपली ठेवायची बंद केलीये, आणि काल मला विचारत होती की ताकाचं भांडं ठेवलं तर चालतं का. चालतं, सांडलं तर लगेच पुसायचं.